इर्जिकीचा मुलूख

ज्याचा बैल ऐन नांगरटीच्या दिवसांत दगावला, ज्या घरातील कर्ता पुरुष दुखण्याने अंथरुणाला खिळला, किंवा ज्या विधवेच्या पदरी जमीन आहे परंतु औत धरणारा हात नाही, त्यांचे रान पडीक राहू नये म्हणून गावातील शेतकऱ्यांनी आपापली औते घेऊन एका ठरलेल्या पहाटे त्यांच्या बांधावर गोळा व्हावे आणि दिवस मावळण्याच्या आत साऱ्या शेताची नांगरट उरकून द्यावी, ही रीत आपल्या दुष्काळी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. या रीतीला इर्जिक म्हणतात. शुक्राची चांदणी वर येते न येते तोच खिलारी बैलांच्या घुंगरमाळांचा आवाज पांदीतून येऊ लागतो. जड नांगराला दोन-दोन, तीन-तीन जोड्या जुंपल्या जातात. एकामागून एक तासे पडू लागतात, आणि ज्याला एकट्याने आठ-दहा दिवस लागले असते ते रान तिसऱ्या प्रहरापर्यंत उलथून पडते. इर्जिकीला मजुरी नसते. मालकाने सकाळी भाकरी, झुणका, कांदा आणि रात्री पोटभर जेवण घालावे, एवढाच तिचा मोबदला. आणि त्या रात्री पंगतीत वाढताना घरधनिणीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, त्यात उपकाराखाली दबल्याची खंत नसे, कारण पुढच्या हंगामात आपलेही औत दुसऱ्याच्या बांधावर जाणार आहे, हे ती जाणून असे.

इर्जिकीची धाकटी बहीण म्हणजे सावड. आज चार घरांनी माझ्या खळ्यावर राबावे, उद्या मी त्यांच्या खळ्यावर राबावे, असा तिचा सरळ हिशेब असतो. कानडी मुलखात अशाच परतफेडीच्या व्यवहाराला ‘मुय्यी’ म्हणतात, आणि जतसारख्या दुभाषी तालुक्यात हे दोन्ही शब्द एकाच बांधावर ऐकू यावेत यात नवल नाही. सावडीत मोजदाद आहे, इर्जिकीत ती नाही. सावड बरोबरीच्यांची असते, इर्जिक मागे पडलेल्याची असते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण जतच्या गेल्या अडीच-तीनशे वर्षांच्या कहाणीत या भेदाचा प्रत्यय पुन:पुन्हा येतो.

सांगलीकडून पूर्वेस येताना कृष्णाकाठची काळी, उसाने भरलेली जमीन मिरजेपर्यंत सोबत करते; मग ती सोबत संपते, आणि कवठे महांकाळ ओलांडून जतची हद्द लागते तेव्हा मुरमाड माळ, बाभळी, निवडुंग, उघडे ओढे आणि क्षितिजापर्यंत पसरलेले आकाश एवढेच दिसू लागते. सह्याद्रीवर कोसळणारा नैर्ऋत्य मोसमी पाऊस येथे येईपर्यंत रिता झालेला असतो. परतीच्या पावसाने दया केली तर शाळू पिकतो, नाही तर कडबाही पदरात पडत नाही. बोर नदीसारखे येथले प्रवाह वर्षातील बरेच महिने वाळूचेच असतात आणि भीमेकडे वाहतात. अशा भूमीत माणसाने एकट्याने तगून राहणे अशक्य होते. माडग्याळची मेंढी, खिलार बैल, घोंगडी विणणारा धनगर, मोट हाकणारा कुणबी हे सारे एकमेकांच्या आधाराने उभे राहिले, आणि त्या आधारालाच आपल्या पूर्वजांनी गावकी असे नाव दिले.

राज्यकर्त्यांचा इतिहास त्या मानाने थोडक्यात सांगता येतो. डफळापूरच्या पाटीलकीचे धनी असलेले चव्हाण घराणे त्या गावावरून डफळे म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सटवाजीराव डफळे यांना विजापूरच्या आदिलशाहीकडून जत, करजगी इत्यादी महालांची देशमुखी मिळाली. आदिलशाही गेली, मोगल आले, मराठेशाही आली. जहागीर मात्र टिकली. १८२० मध्ये इंग्रजांनी जतकरांशी तह केला. १८२७ मध्ये जहागीरदारांच्या कर्जाच्या फेडीसाठी साताऱ्याच्या महाराजांनी मुलूख जप्तीखाली घेतला, आणि कर्ज फिटल्यावर १८४१ मध्ये तो परत केला. सातारचे राज्य खालसा झाल्यावर जत इंग्रजांच्या अंकित संस्थानांपैकी एक झाले. १९१७ मध्ये डफळापूरची स्वतंत्र जहागीर त्यात सामील झाली, आणि दोन्ही मिळून सुमारे ९८० चौरस मैलांचे हे संस्थान स्वातंत्र्यापर्यंत नांदले.

परंतु ज्या चौदा वर्षांत खुद्द जहागीरच जप्तीत होती त्या वर्षांतही पेरणी झाली, बलुते वाटले गेले, जत्रा भरल्या आणि भाऊबंदांच्या वाटण्यांचे तंटे चावडीवर मिटले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. गाव चालवण्याचे यंत्र कचेरीपासून दूर, गावातच होते. गावठाणाला पांढरी म्हणत, शेतजमिनीला काळी म्हणत, आणि ‘समस्त पांढरी’ हे शब्द कागदावर आले की त्यात पाटील-कुळकर्ण्यांपासून बारा बलुतेदारांपर्यंत सारे आले असे समजले जाई. वतनाचा, हद्दीचा किंवा वारसाचा वाद उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, साक्षी होत, आणि जो निर्णय होई त्याचा महजर लिहिला जाई. ज्यांना अक्षर येत नसे ते आपापल्या व्यवसायाचे चिन्ह काढून संमती देत; कुणब्याच्या नावापुढे नांगर उमटे, आणि इतरांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या आकृत्या उमटत. जुने महजर पाहताना त्या लहान लहान आकृत्यांकडे नजर खिळून राहते. ज्यांना इतिहासाने एरवी कधी विचारले नाही, त्यांचा हात त्या कागदाला लागलेला असतो.

तथापि या गावकीचे गुणगान करताना तिचे मोठे पाप झाकून ठेवणे हा सत्याचा अपलाप ठरेल. ज्या गावाने महाराकडून हद्दीची साक्ष घेतली, सरकारी सारा त्याच्या खांद्यावरून पोचविला, रात्रीची राखण त्याच्यावर सोपविली, त्याच गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले आणि आपल्या विहिरीवर पाय ठेवू दिला नाही. दुष्काळी मुलखात पाणी नाकारणे म्हणजे केवळ मान नाकारणे नव्हे, जीवनच नाकारणे होय. उन्हाळ्यात विहिरीपासून हातभर अंतरावर घागर घेऊन उभे राहावे, कोणी तरी दया येऊन वरून पाणी ओतील याची वाट पाहावी, आणि मागे रित्या घागरींची रांग वाढत जावी, हे दृश्य आपल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आणि त्यात काही गैर आहे असे त्यांना वाटले नाही. इर्जिक ज्या गावाला सुचली त्याच गावाला हेही सुचले. गावकीची थोरवी आणि तिची मर्यादा एकाच पाणवठ्यावर दिसते.

त्या मर्यादेपलीकडे जाण्याचा विचार याच भूमीत फार पूर्वी रुजला होता. जत तालुक्यातील उमराणी येथे बाराव्या शतकात जन्मलेली लिंगम्मा ही महात्मा बसवेश्वरांच्या काळातील शरणी. तिच्या दातृत्वामुळे बसवेश्वरांनी तिला दानम्मा हे नाव दिले अशी श्रद्धा आहे, आणि गुड्डापूर येथे तिचे देवस्थान आहे. शरणांनी कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे सांगितली. प्रत्येकाने आपल्या श्रमाने मिळवावे, आणि मिळविलेले सर्वांबरोबर वाटून खावे, असा त्यांचा साधा अर्थ. कार्तिक अमावास्येच्या यात्रेला महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही बाजूंनी भाविकांचे तांडे पायी चालत येतात. वाटेवरच्या गावांतून त्यांच्यासाठी चुली पेटतात, ज्वारीच्या भाकरी थापल्या जातात, आणि वाढणारा मराठी बोलतो की कानडी याची चौकशी जेवणारा करीत नाही. मार्गशीर्षात जत शहरी यल्लम्मादेवीची यात्रा भरते, तेथेही हाच मेळ दिसतो. तालुक्याच्या पूर्व भागात असंख्य घरांची मातृभाषा कानडी आहे, जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळा तेथे आहेत, आणि बाजारात एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरणारी माणसे पावलोपावली भेटतात.

गावकी कितीही भक्कम असली तरी दुष्काळापुढे तिचा टिकाव लागेलच असे नाही. १८७६-७७ च्या दुष्काळाने विजापूरपासून साताऱ्यापर्यंतचा सारा पूर्व पट्टा भाजून काढला. माण नदीवरचा राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव त्या काळच्या दुष्काळी कामांची आठवण देत अद्याप उभा आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीने हेच दु:ख मराठी वाचकांपुढे ठेवले. नवा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, सर्वांच्या श्रमाने वाडीत तालीम उभी राहते, राजेसाहेब ती पाहायला येतात; आणि मग पाऊस जातो, मेंढरे मरू लागतात, आणि माणसे जगण्यासाठी दाही दिशांना पांगतात. जे सर्वांनी मिळून बांधले ते ओस पडते. माणदेशातल्या कोणत्याही वृद्ध मनुष्याला ही कथा कल्पित वाटत नाही.

‘बनगरवाडी’ ज्या औंध संस्थानात घडते, त्याच संस्थानात गावकीला राज्यकारभाराचा पाया बनविण्याचा एक विलक्षण प्रयोग झाला. सुमारे ५०० चौरस मैलांचे आणि ७२ गावांचे हे संस्थान विखुरलेले होते. त्याची आटपाडी जतच्या एका अंगाला होती, तर गुणदाळ विजापूरच्या बाजूला दुसऱ्या अंगाला. भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये आपल्या वाढदिवशी प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. गांधीजींच्या सल्ल्याने, युवराज आप्पासाहेब पंत आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या परिश्रमाने घटना तयार झाली, आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. प्रत्येक गावाने पाच पंच निवडावे, पंचायतींनी तालुक्याचा कारभार पाहावा, तालुक्यांनी विधिमंडळ घडवावे, आणि महसुलाचा मोठा हिस्सा गावांकडेच राहावा, अशी ती योजना होती. न्याय मागण्यासाठी वकिलाच्या पायऱ्या झिजविण्याचे कारण उरले नाही. तंटा जेथे झाला तेथेच, माहितगार शेजाऱ्यांसमक्ष, त्याचा निवाडा होऊ लागला.

त्याच १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीविना, कुटुंबासह, शेती करीत राहू द्यावे, आणि त्यांनी पळून जाऊ नये यासाठी विश्वासाखेरीज दुसरा पहारा ठेवू नये, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. पुढे १९५७ मध्ये ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या आणि व्ही. शांताराम यांनी पडद्यावर आणलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती येथूनच. ज्याला समाजाने बाहेर काढले त्याला समाजानेच पुन्हा आत घ्यावे, ही गोष्ट इर्जिकीच्या जवळची आहे. मागे पडलेल्याच्या बांधावर उभे राहण्याचाच तो एक प्रकार होता. १९४३ ते १९४६ या काळात ब्रिटिश मुलखातील सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी प्रतिसरकार चालवीत होते, गावोगावच्या लोकन्यायालयांतून न्यायनिवाडे करीत होते. परकी सत्तेच्या कचेऱ्यांना पाठ फिरवून गावाने आपला कारभार आपण पाहावा, ही आकांक्षा त्या काळी या साऱ्या परिसरात उसळलेली होती.

८ मार्च १९४८ रोजी जत आणि औंध ही दोन्ही संस्थाने इतर दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर नोव्हेंबर १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जतचा सरंजाम संपला, तहसील कचेरी आली. परंतु राज्यांच्या भाषावार पुनर्रचनेने जतच्या पूर्वेस आणि दक्षिणेस एक नवी रेषा ओढली. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढील वर्षी दिलेल्या अहवालात जत तालुक्यातील काही गावे म्हैसूर राज्याकडे द्यावी अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. तथापि ज्यांच्या लेकी पलीकडे नांदत होत्या आणि सुना पलीकडून आल्या होत्या त्या गावांच्या डोक्यावर सीमाप्रश्न तेव्हापासून टांगता राहिला.

मग १९७२ साल उजाडले. त्या दुष्काळाची आठवण काढली की जुनी माणसे आजही क्षणभर गप्प होतात. विहिरींचे तळ उघडे पडले, दावणीची जनावरे कसायाला द्यावी लागली, आणि धान्य म्हणून परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाण्याची पाळी आली. पण या दुष्काळात एक नवी गोष्ट घडली. सांगली जिल्ह्याचेच सुपुत्र, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याची जी कल्पना मांडली होती आणि जिची चाचणी तासगाव तालुक्यात झाली होती, ती आता साऱ्या राज्याच्या उपयोगी पडली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. नाला बांध, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे ही कामे करताना सर्व जातीपातीच्या बायका-माणसांनी एकाच पाटीने माती वाहिली. एकाच पिंपातील पाणी सारी प्यायली. एकाच भांड्यातून वाटली जाणारी सुकडी मुलांनी खाल्ली. विहिरीवर जे शतकानुशतके घडले नव्हते ते दुष्काळी कामाच्या बांधावर घडून गेले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि आपत्तीत शेजाऱ्याने करावयाचे कर्तव्य राज्याचे कायदेशीर कर्तव्य बनले.

येथे दूरच्या एका लहान राष्ट्राचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा देश आहे. त्याची लोकसंख्या सुमारे १३ लक्ष, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. तेथील खेड्यांत ‘ताल्गुद’ नावाची रीत आहे. कापणी, गवत, घराचे छप्पर अशी एकट्याला न पेलणारी कामे शेजाऱ्यांनी येऊन करून द्यावी, आणि यजमानाने त्यांना जेवू घालावे, अशी ही आपल्या इर्जिकीची सख्खी बहीणच होय. जर्मन जमीनदार आणि रशियन झार यांच्या अमलाखाली शतके काढलेल्या त्या लोकांनी १८६९ मध्ये तार्तू नगरात पहिला गीतमहोत्सव भरविला. गावोगावची गायनमंडळे एकत्र आली, आणि सर्वांनी मिळून गाणे हेच त्यांच्या राष्ट्रीयत्वाचे पहिले लक्षण ठरले. सोव्हिएत सत्तेच्या अखेरच्या वर्षांत लाखो लोक गात गात एकत्र जमले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन देशांतील सुमारे २० लक्ष माणसांनी ६०० किलोमीटरहून लांब अशी हातांची साखळी धरली. आणि १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत आले. पुढे ३ मे २००८ रोजी ‘तेएमे आरा’, म्हणजे ‘चला, करून टाकू’, अशी हाक देऊन सुमारे ५० हजार नागरिकांनी एका दिवसात साऱ्या देशातील रानांत साचलेला सुमारे १० हजार टन कचरा उचलला. ज्यांना शेजाऱ्याच्या शेतावर एकत्र राबण्याची सवय होती, त्यांना राष्ट्रासाठी एकत्र येणे जड गेले नाही.

आपल्या मुलखातही ही सवय मेली नव्हती. खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी १९८० नंतरच्या दशकात मुक्तिसंघर्ष चळवळीच्या मार्गदर्शनाखाली येरळा नदीवर लोकांच्या पैशाने आणि श्रमाने बळीराजा धरण बांधले. आणि त्याचे पाणी वाटताना असा नियम केला की जमीन असो वा नसो, प्रत्येक घराला पाण्याचा समान हिस्सा मिळावा. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क आहे, हे वाक्य या भूमीत प्रथमच कृतीने लिहिले गेले. वेशीबाहेर उभ्या राहिलेल्या घागरींना मिळालेले ते पहिले खरे उत्तर होते. १९९३ पासून आटपाडी येथे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या, आणि कृष्णेचे पाणी सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांना समन्यायी तत्त्वाने मिळाले पाहिजे अशी मागणी हजारोंच्या कंठांतून निघाली. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली पाणलोटाच्या श्रमदानाची स्पर्धा २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोचली, माण तालुक्यातील टाकेवाडीने त्या वर्षी पहिला क्रमांक पटकावला, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात टिकाव-फावडी घेऊन माळावर चर खणणाऱ्या गावांत जतचीही गावे होती. पहाटे साडेपाचाला भोंगा वाजावा, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सर्वांनी डोंगराच्या उतारावर रांगा धराव्या, आणि ऊन तापण्याआधी आपापला चर पुरा करून खाली उतरावे, हे पाहताना इर्जिकीचे नाव कोणी घेत नसले तरी ती ओळखू येत होती.

तरीही जतच्या पूर्व भागाची तहान भागेना. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी उचलून, टप्प्याटप्प्याने वर चढवून ते कवठे महांकाळ आणि जतकडे नेण्याची योजना आखली गेली खरी, पण तिचे पाणी प्रथम जतच्या पश्चिम भागात पोचले. पूर्वेकडील उंचावरची गावे टँकरची वाट पाहत राहिली. टँकर येई, विहिरीत पाणी सोडी, आणि ते ओतले जात असतानाच चहूबाजूंनी पोहरे पडू लागत. शेकडो कुटुंबे हंगामात कोयते घेऊन ऊसतोडीला जात, आणि उन्हाळ्यात जनावरांसह चारा छावणीत मुक्काम करीत. अशा स्थितीत २०१२ च्या दुष्काळात पूर्व भागातील सुमारे चाळीस गावांनी ठराव केले की, महाराष्ट्राला आम्हाला पाणी देता येत नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्यावे. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या ठरावांचा आधार घेऊन गावांवर दावा सांगितला, त्याच सुमारास कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी तिकोंडीच्या परिसरात येऊन पोचले, आणि दोन्ही राज्यांत खळबळ उडाली.

वर्तमानपत्रांनी त्या ठरावाला सीमावादाचा रंग दिला. माझ्या मते त्याचा खरा पूर्वज आपल्या जुन्या दफ्तरांत आहे, आणि तो म्हणजे महजर. मराठी आणि कानडी, मराठा आणि लिंगायत, धनगर आणि दलित, साऱ्यांनी एकत्र बसून एका गोष्टीची साक्ष दिली: आमच्या गावात पाणी नाही. भाषेचा प्रश्न त्यांनी उपस्थित केलाच नव्हता. राज्याने तो कागद राजद्रोहाचा न मानता दु:खाचा मानला हे योग्य झाले. वंचित राहिलेल्या ६५ गावांसाठी विस्तारित म्हैसाळ योजनेला गती मिळाली, आणि सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या खर्चाची तरतूद पुढे आली. एकट्या शेतकऱ्याच्या शंभर अर्जांनी जे झाले नसते ते समस्त पांढरीच्या एका ठरावाने झाले.

आता पाणी येत आहे, आणि खरी परीक्षा येथूनच पुढे आहे. ज्या गावाने दुष्काळात भाकरी वाटून खाल्ली तेच गाव पाटाला पाणी आल्यावर एकमेकांवर कोर्टात जाते, हे आपण कृष्णाकाठी पाहिले आहे. डाळिंब आणि द्राक्षाची बाग करणाऱ्याला पाणी हवे, शाळू पेरणाऱ्यालाही हवे. वरच्याचे शेत भिजते तेव्हा खालच्याच्या दारात वाळू उडते. उपसा योजनांच्या विजेचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलावा असे ठरले आहे. ती १९ टक्क्यांची पट्टी थकली की पंप बंद पडतात, आणि ज्याने भरली त्याचेही पीक वाळते. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांच्या हाती वाटपाचा अधिकार दिला आहे. कायद्याने अधिकार मिळतो. तो न्यायाने वापरण्याची वृत्ती गावाला आपल्या परंपरेतून आणावी लागते, आणि जतच्या परंपरेत ती आहे.

म्हणून जतच्या वाचकांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या गावच्या पाणी वापर संस्थेची सभा भरेल आणि पाण्याच्या पाळ्या ठरवायला कागद पुढे येईल, तेव्हा पहिले नाव पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे त्याचे लिहा, आणि ज्याला शेतच नाही त्या घराचा हिस्साही त्याच कागदावर मांडा. इर्जिक नेहमी मागे पडलेल्याच्या रानापासून सुरू होत असे. पाण्याची पाळीही तेथूनच सुरू करावी.